सतरा नंबरचं घरटं

बेटाला बोट लागली तेव्हा पक्षी मोजायला आलेल्या सरकारी साहेबांचा फॉर्म अर्धा भरून तयार होता. पक्षी: मोजायचेत. मानवी वस्ती: कधीच नव्हती.

"पाय ठेवायच्या आधीच?" बोटवालीने विचारलं.

"जुन्या कागदांत तसंच आहे, ताई. नुसती औपचारिकता."

औपचारिकता म्हणे! त्या एका ओळीवर बेट कायमचं बंद होणार होतं. वस्ती होती असं ठरलं, तरच तिथल्यांच्या घरच्यांना वर्षातून एकदा उतरू देणार. आणि बोटीत बोटवालीचे वडील, अण्णा, बसले होते. वय ऐंशी, जन्म याच बेटावरचा. गुडघे गेले होते, तोंड शाबूत होतं.

"वस्ती नव्हती? मग मी काय अंड्यातून निघालो?"

साहेब हसले. कागद मात्र तसाच राहिला.

माणूस कामाचा होता, खोटं कशाला बोला. टोपी वाऱ्याने नेली तरी दुर्बीण सोडली नाही. वाळूवर पालथा पडून कासवांच्या खुणा मोजल्या. दुपारी तो दगडांच्या एका लांब बांधापाशी आला आणि हरखलाच. कंबरेच्या उंचीवर ओळीने भोकं, बहुतेकांत एकेक काळा पक्षी बसलेला. साहेब खडूने नंबर टाकत सुटले. एक, दोन, तीन... सतरा.

"काय नैसर्गिक कपारी आहेत!"

अण्णा काठी टेकत आले, सतरा नंबरसमोर थांबले.

"हा आमच्या आईचा मिठाचा कोनाडा."

"आजोबा, पुरावा लागतो हो."

"तळाशी मिठाचं मडकं पुरलंय."

साहेबांनी हात पुढे केला. अण्णांनी काठी आडवी घातली.

"ती अंड्यांवर बसलीय! आम्ही अंडी खाल्ली, नाही म्हणत नाही. पण बसलेलीला कधी उठवलं नाही. म्हणून तर तुम्हाला मोजायला उरलेत!"

"मग मी काय लिहू?"

अण्णांनी काठी काही हलवली नाही. बोटवाली मात्र सोळा नंबरकडे बघत होती. तो रिकामा होता. तिने आत हात घातला, वरच्या दगडावरून बोटं फिरवली आणि साहेबांच्या नाकासमोर धरली. काळीकुट्ट.

"दिव्याची काजळी."

"वीज पडली असेल."

"बरोब्बर कोनाड्यात शिरून?"

साहेबांनी फॉर्म पुढे केला. "साक्षीदार म्हणून बोट चालवणाऱ्याची सही लागते. करून टाका, ताई, भरती उतरतेय."

तिने पेन घेतलं, टोपण लावलं, परत दिलं.

"नाही करत."

"अहो, सहीशिवाय अख्खा दिवस वाया! पक्षी, कासवं, सगळं!"

"जाऊ दे की. माझा बाप वाया घालवताना तुम्हाला काही वाटलं नाही."

"तक्रार करीन मी."

"करा. तिथंही सही मागितली तर मला बोलवा."

अण्णा बांधाला टेकून बसले, काठी मांडीवर घेऊन. पाणी खडकांवरून मागे सरकत होतं. साहेबांनी बोटीकडे बघितलं, तिच्या काळ्या बोटांकडे बघितलं. मग सोळा नंबरमध्ये स्वतः हात घातला. बराच वेळ चाचपलं. हात बाहेर काढला आणि 'कधीच नव्हती' वर आडवी रेघ मारली. रेघेच्या टोकाला त्यांच्याच अंगठ्याचा काळा डाग उमटला.

तिने सही केली.

"सोळात दिवा, सतरात मीठ," साहेब लिहिता लिहिता पुटपुटले. "आणि चौदात, आजोबा?"

"खाऊ," अण्णा म्हणाले. "माझ्यापासून लपवलेला. लिहा."