अभिप्रायाची कोरी बाजू

“तुम्हाला कोणी विचारलंय का?”

एकतीस वर्षांपूर्वी ऐकलेला आवाज. तिला ग्रंथालयात लागून जेमतेम आठवडा झाला होता. तेव्हाचे ग्रंथपाल पाहुण्यांना एका पुस्तकाचं साल चुकीचं सांगत होते, आणि तिनं भाबडेपणानं ते दुरुस्त केलं होतं. आवाज चढलेला नव्हता. गार होता, पहाटे लोखंडी कपाटाला हात लागावा तसा. ते ग्रंथपाल केव्हाच निवृत्त झाले, आवाज तेवढा मागे राहिला. आजही आताच्या साहेबांच्या दाराशी सत्तावीस कागदांचा गठ्ठा घेऊन उभी असताना तो कानाशी आला, आणि दारावर टेकवलेला हात तिनं मागे घेतला.

तिला सगळे चिठ्ठीबाई म्हणत. चौकशीच्या टेबलाशी आलेला वाचक जे विचारील ते ती त्याच्याच शब्दांत चिठ्ठीवर टिपून ठेवी. ‘निळ्या कव्हरचं जाडं पुस्तक आहे का?’ ‘मुलीला गणिताची भीती वाटते, त्यावर काही मिळेल?’ ‘आज किती वाजेपर्यंत बसू देता?’ टेबलाचे दोन खण भरले होते. खणाखणांत चिठ्ठ्या, चिठ्ठीचिठ्ठीत माणसं.

हातातला गठ्ठा मात्र अभिप्रायांचा होता. समितीनं यंदा टूम काढली होती, कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांना गुण द्यायचे. दहा प्रश्न, प्रत्येकाला पाचपैकी गुण, कागदावर नाव घालायचं नाही. गोळा करायचं काम चिठ्ठीबाईकडे आलं, कारण तिच्यावर सगळ्यांचा विश्वास. सगळ्यांनी पाचालाच गोल केला होता. बांधणीवाल्यानं तर दहाही गोल एका दमात, साखळीसारखे ओढले होते. चिठ्ठीबाईचे स्वतःचेही दहाच्या दहा पाच. फक्त नवव्या प्रश्नाशी तिचं पेन अडखळलं होतं: ‘वरिष्ठांच्या निर्णयांचा वाचकांना उपयोग होतो का?’

निर्णय म्हणजे नवी वेबसाइट. साहेबांनी चार महिने खपून तिचा आराखडा स्वतः काढला होता, मोठ्या कागदावर, पट्टी लावून. सुबक, शिस्तीचा, अगदी ग्रंथालयासारखा. घोळ तिथंच होता. जसे विभाग तशी पानं. आधी प्रशासन, मग ग्रंथखरेदी, मग वर्गीकरण, मग देवघेव, शेवटी चौकशी. ज्याची खोली मोठी त्याचं नाव वर. आत काम करणाऱ्याला सगळं बिनचूक वाटे. बाहेरून येणाऱ्याला मात्र आपलं काम कुठल्या खोलीत होतं हे आधीच ठाऊक असायला हवं होतं.

चाचणीची साइट तिनं घरी नणंदेला दाखवली. नणंद निवृत्त परिचारिका, आठवड्याला दोन पुस्तकं फस्त करणारी, जिभेला हाड नसलेली. तिला फक्त हातातल्या पुस्तकाची मुदत वाढवायची होती. पंधरा मिनिटं ती चष्मा वरखाली करत या पानावरून त्या पानावर फिरली.

“वहिनी, तुझ्या साहेबांच्या खुर्चीपर्यंत पोचले मी,” ती शेवटी म्हणाली. “पुस्तकापर्यंत काही पोचले नाही.”

हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, साहेबांना हे सांगितलंस का. चिठ्ठीबाई पाणी प्यायला उठली.

कसं सांगणार? जुन्यांसारखा कडक माणूस असता, तर एखाद्या दिवशी रागाच्या भरात तोंडून गेलंही असतं. हे साहेब तसे नव्हते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा सलग तीन आठवडे, रोज चार ते सहा, ते स्वतः तिच्या टेबलाशी बसले होते. तिनं न सांगता चिठ्ठ्याही लिहिल्या होत्या, वळणदार अक्षरात. अशा माणसाच्या चार महिन्यांवर बोट ठेवायचं, तर बोटच जड होतं. पण सोमवारी समिती साइटला मंजुरी देणार होती, आणि मग वर्षभर तिच्यात बदल करता येणार नव्हता. आज शुक्रवार.

तिनं दार लोटलं.

साहेबांनी गठ्ठा चाळला. एक पान, दोन पानं, दहा पानं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मी इतका चांगला असतो, तर घरी कळलं असतं,” ते म्हणाले.

ती हसली. तेही हसले, पण त्यांचं हसू लवकर विझलं. समितीकडे पाठवून देतो म्हणाले आणि कागदांच्या कडा जुळवू लागले. काम झालं होतं. तिचा पाय निघेना.

“साहेब, माझा कागद परत द्याल?”

“नावं कुठे आहेत यावर?”

“वरून अठरावा.”

त्यांनी अठरा मोजून कागद पुढे सरकवला. तिनं तो उलटला. मागची बाजू कोरी होती. पेन टेकवलं, पण शब्द उतरेना. तेव्हा तिनं पेन बाजूला ठेवलं.

“नव्या साइटवर पुस्तक सापडत नाही, साहेब. माझ्या नणंदेला साधी मुदत वाढवता आली नाही. आपण ती आपल्या सोयीनं केलीय. वाचकाला त्यात दारच नाही.”

साहेबांचे कान लाल झाले. ती मान खाली घालून त्या गार आवाजाची वाट पाहत राहिली. साहेबांनी मात्र एवढंच विचारलं, की नणंदेनं आधी काय दाबलं. तिनं सांगितलं. मग? तेही सांगितलं. मग कुठे अडली? पंधरा मिनिटांची सगळी वाट त्यांनी तिच्याकडून पावलापावलानं ऐकून घेतली, आणि शेवटी म्हणाले, “तुमचे खण घेऊन या.”

दुपारभर मोठ्या टेबलावर चिठ्ठ्यांचे ढीग लागत गेले. कोण कुठल्या विभागाचा हे विसरून, माणसं काय विचारतात एवढंच बघायचं. ‘आहे का?’ हा ढीग सर्वांत उंच. त्याखालोखाल ‘मुदत वाढवता येईल का?’, मग ‘आज उघडं आहे का?’ प्रशासनाच्या वाट्याला चारच चिठ्ठ्या आल्या, आणि त्यातल्या तीन स्वच्छतागृह कुठे आहे असं विचारणाऱ्या. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ते हसणं ऐकून बांधणीवाला डोकावला, आणि पाहता पाहता तोही हातभार लावायला बसला. माझं नाव खुशाल तळाला टाका म्हणाला, तिथं ऊन लागत नाही.

दिवेलागणीच्या सुमारास नवं पहिलं पान कागदावर उभं राहिलं. वर शोधायला एक मोकळी चौकट, खाली वाचकांच्याच शब्दांतले तीन प्रश्न. साहेबांनी समितीच्या अध्यक्षांना फोन करून दोन आठवडे मागून घेतले. चूक माझी आहे, असं ते सरळ म्हणाले, जणू हवापाण्याचं बोलत होते.

बांधणीवाला घरी गेला. चिठ्ठीबाईनं पर्स खांद्याला अडकवली. खांदे इतके हलके झाले होते, की पट्टा दोनदा घसरला. जाता जाता ती म्हणाली, की हे मी आराखडा पाहिला तेव्हाच बोलायला हवं होतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून राहिलं.

साहेब खिडकी लावून घेत होते. पाठमोरेच थांबले.

“अकरा वर्षं झाली मला इथं. मी म्हणेन ते बरोबर. चुकलात, असं एकदाही कोणी म्हटलं नाही.” त्यांनी कडी सरकवली. “खरं सांगू का, बाई? कितीदा तरी संध्याकाळी घरी जाताना वाटायचं, आज आपण आलोच नव्हतो की काय.”