पेद्रूचा ब्रेक

पेद्रू फर्नांडिसने आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवले. देवबागपासून दोडामार्गपर्यंत असं गाव नसेल जिथे त्याच्या ड्रमवर एखादी वरात नाचली नाही. त्याची मुलगी ग्लिनिस डीजे झाली तेव्हा तो कुरकुरला होता. "बटनां दाबून लोकांका नाचवतलंस?" मग एकदा तिने त्याला जुनं अमेरिकन फंक संगीत ऐकवलं. गाण्यात मध्येच बाकीची वाद्यं थांबतात आणि नुसता ड्रम बोलू लागतो. डीजे लोक त्याला ब्रेक म्हणतात, आणि असले तुकडे कापून, जोडून पार्टीची नवी गाणी बनवतात. पेद्रू मान हलवत ऐकत राहिला आणि म्हणाला, "ह्यां तर माझां काम."

तो आधीच आजारी होता. तरी ग्लिनिसने चर्चच्या सभागृहात त्याचा ड्रमसेट मांडला आणि दुपारभर त्याला वाजवायला लावून ते सगळं हार्डडिस्कवर रेकॉर्ड केलं. माइक धरायला विराज होता. सावंतवाडीचा विराज आणि ग्लिनिस बरीच वर्षं किनाऱ्यावरच्या पार्ट्या जोडीनेच करायचे. पेद्रूच्या उजव्या गुडघ्यात वात होता, त्यामुळे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, म्हणजे किक, अंमळ उशिरा पडायचा. त्या उशिरातच सगळी गंमत होती. ऐकणारा पुढे झुकून वाट बघायचा, आणि मग तो ठोका पोटात बसायचा.

पेद्रू गेला. दफनाच्या दुसऱ्याच दिवशी विराज घरी आला. डोरथीच्या, ग्लिनिसच्या आईच्या, पाया पडला. जाताना म्हणाला, "हार्डडिस्क दी गो. एक कॉपी माझ्याकडे ऱ्हवांदे, काय झालां तर." ग्लिनिसने दिली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. नाही म्हणायचं तिला सुचलंसुद्धा नाही.

पावसाळा सरता सरता, पार्टी डीजेंसाठी नवी गाणी निघतात त्या एका साइटवर, फंक आणि ब्रेकबीटच्या नव्या यादीत चार गाणी झळकली. चारही विराजच्या नावावर. गोव्यातल्या एका लेबलने, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीने, काढलेली. ग्लिनिसने हेडफोन लावला आणि पहिल्याच गाण्यात तिचे वडील वाजवू लागले. गाण्याखाली विराजची मुलाखत होती: 'ड्रम मी स्वतः वाजवलेत. किक जरा मागे ठेवायची, ही माझी स्टाईल.'

तिने फोन लावला.

"माझ्या पप्पांचां नाव खंय आसा?"

"गरम होव नको," विराज म्हणाला. "ड्रम कोणी वाजवलो, ह्यां डीजेंका काय पडलेलां नाय. आणि पेद्रूकाका आता थोडेच ऐकूक येतले?"

ग्लिनिसने फोन ठेवला. डोरथी म्हणाली, फादरांना सांगूया, वकील बघूया.

"नको, मम्मी. तेना लोकांसमोर खोटां सांगल्यान. लोकांसमोरच तेच्या तोंडातसून खरां काढतंय."

विराजला ड्रम येत नव्हते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण ती कुठे बोलली नाही. विराज भेटला की हसायची. तो निश्चिंत झाला. त्याला वाटलं, गिळलं हिने.

गाणी चालली. तारकर्लीच्या एका रिसॉर्टचा मालक सत्यवान याने विराजची मोठी पार्टी ठरवली. लेबलची गौरजा पणजीहून येणार होती. ग्लिनिस सत्यवानला जाऊन भेटली.

"सत्यवानदादा, नुसतीच गाणी कित्या? विराज ड्रम स्वतः वाजवता ना? स्टेजवर वाजवूक सांगा. ड्रमसेट माझ्या पप्पांचो देतंय."

सत्यवान खूश झाला. त्याने विराजला न विचारताच पोस्टर छापलं: 'विराज लाइव्ह ड्रम्सवर'. ग्लिनिसने ते स्वतःच्या पेजवर टाकलं, ओळखीच्या प्रत्येक डीजेला पाठवलं. गौरजानेही पुढे पाठवलं. आता नाही म्हणायचं तर का नाही, हे सांगावं लागणार होतं.

विराजचा फोन आला. "ग्लिनिस, ह्यां तू केलंस?"

"काय केलंय? तुझी स्टाईल लोकांका बघूची आसा."

"माका वाचव गो. पुढच्या गाण्यार काकांचां नाव घालतंय."

"पप्पा थोडेच वाचूक येतले?" ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला भूक लागली. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

पार्टीच्या दिवशी विराज उजव्या मनगटाला पट्टी बांधून आला. उतरत्या उन्हात रिसॉर्टची वाळू माणसांनी भरली होती. तो माइकवर म्हणाला, "सॉरी, हात मुरगळलाय. ड्रम पुढच्या वेळी." लोक हळहळले. गौरजाही 'बिचारा' म्हणाली.

ग्लिनिस स्टेजवर चढली आणि तिने दुसरा माइक उचलला. "हात दुखतोय, राहू दे. पण तुझी गंमत पायात आहे ना? किक पायाने वाजते. गाणं लावते मी, तू नुसती किक दे."

लोकांनी टाळ्या धरल्या. विराजने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. ग्लिनिस ती मन लावून बघत राहिली, आणि तिने गाणं सुरू केलं.

तो पेद्रूच्या स्टुलावर बसला. पाय दाबला. ठोका आधी पडला. पुन्हा दाबला, तोही आधीच. गाण्यातला ठोका दरवेळी मागून येऊन त्याला उघडं पाडत होता. पुढे उभे असलेले डीजे आधी एकमेकांकडे बघायला लागले, मग हसायला. कोणीतरी मोबाइल वर धरला. ग्लिनिसने गाणं थांबवलं नाही. पूर्ण वाजू दिलं.

गौरजा स्टेजजवळ आली. "विराज, हे वाजवलंय कोणी?"

ग्लिनिसने आपला माइक त्याच्या तोंडापाशी धरला. "सांग."

"पेद्रूकाकांनी."

"पूर्ण नाव."

"पेद्रू फर्नांडिस." त्याचा आवाज फाटला होता.

"आणखी एकदा. मम्मी मागे बसली आहे."

त्याने पुन्हा सांगितलं. मागच्या खुर्चीवरून डोरथी उठली, पदराने तोंड पुसलं आणि कोणाशी न बोलता फाटकाकडे चालू लागली.

लेबलने चारही गाणी काढून टाकली आणि पेद्रूच्या नावाने नव्याने आणली. त्या हंगामात विराजला किनाऱ्यावर कोणी बोलावलं नाही. मोबाइलवरचा तो व्हिडिओ त्याच्या आधी सगळीकडे पोहोचत होता. तो किती जणांनी पाहिला, ते ग्लिनिस मुद्दाम मोजून बघायची. एकदा पोरांनी विराजच्या पायाची नक्कल केली, तेव्हा ती पोट धरून हसली.

नाताळच्या आधी विराज देवबागला, ग्लिनिसच्या घरी आला. भर उन्हात, अंगणातल्या क्रुसाजवळ उभा राहिला. हाक मारायचं धाडस त्याला झालं नाही. डोरथीने खिडकीतून पाहिलं.

"खूप वेळ झालो गो. पाणी तरी विचारूया?"

"उभो ऱ्हवांदे," ग्लिनिस म्हणाली, आणि आतून दाराला कडी घातली.