कूलर बसवला कुणी?

"कूलर बसवला कुणी?" फोनवरच्या माणसाने विचारलं.

"मी," विनीता म्हणाली.

"तसं नाही मॅम, प्रत्यक्ष बसवला कुणी? मिस्टर घरी आहेत का? त्यांना फोन देता?"

विनीताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर डायनिंग टेबलावर कॉम्प्युटर उघडा पडला होता, तिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता, आणि घरात दुसरं कुणीही नव्हतं. नवरा श्रीरंग सकाळीच बस पकडून ऑफिसला गेला होता.

"मिस्टरांना यातलं काही माहीत नाही," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. "मी बसवलाय. माझ्याशी बोला."

लग्नाआधी विनीता नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत पंपांची कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होती. लग्न होऊन अमेरिकेत रेडमंडला आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, डिपेंडंट म्हणून. नोकरी करायची सोय नाही. रिकामी बसवेना म्हणून तिने तिथल्या मराठी मंडळाच्या एकांकिकेचं शूटिंग एडिट करून द्यायचं कबूल केलं. पण व्हिडिओ तयार होता होता कॉम्प्युटर इतका तापायचा की आपला आपण बंद पडायचा. शेवटी तिने लिक्विड कूलर मागवला. त्यात एक छोटा पंप पाणी खेळवून प्रोसेसरची उष्णता रेडिएटरकडे नेतो, तिथले दोन पंखे ते पाणी थंड करतात, आणि कुठे किती तापलंय ते एक सॉफ्टवेअर स्क्रीनवर दाखवतं. निदान खोक्यावर तसं छापलं होतं.

कूलर बसवून तिने कॉम्प्युटर चालू केला. पंपाची घरघर आली. पंखे मात्र ढिम्म. सॉफ्टवेअर उघडलं तर त्यात एकच ओळ: 'उपकरण सापडलं नाही.' तापमान भराभर चढायला लागलं तसा तिने घाईघाईने कॉम्प्युटर बंद केला आणि कंपनीला फोन लावला.

"विंडोज पुन्हा इन्स्टॉल करा," फोनवरचा माणूस वाचून दाखवल्यासारखं म्हणाला.

"विंडोजचा काही संबंध नाही. पंखे काढून थेट मदरबोर्डला जोडले तर छान फिरतात, म्हणजे पंखे ठीक आहेत. आणि कूलर यूएसबीला जोडलाय, पण विंडोजला तिथे काही जोडलंय याचाच पत्ता नाही. अनोळखी म्हणूनही काही दिसत नाही. म्हणजे गडबड मधल्या तारेत आहे, नाहीतर कूलरच्या बोर्डात."

"मॅम, तुम्ही इतक्या खोलात शिरू नका. संध्याकाळी मिस्टरांना फोन करायला सांगा. हॅव अ ग्रेट डे."

तिने फोन टेबलावर आपटला. खोलात शिरू नका! अख्ख्या कारखान्याची पॅनेलं जिने उभी केली, तिला हा शिकवणार?

तिने कपाटातून मल्टिमीटर काढला. नागपूरहून येताना साड्यांमध्ये गुंडाळून आणलेला. पंपाला वीज वेगळ्या तारेतून मिळते, पण पंखे चालवणाऱ्या छोट्या बोर्डाला ती यूएसबीच्या तारेतून मिळते, एवढं माहितीपत्रकात होतं. तिने तारेच्या टोकाला मीटर लावला. पाच व्होल्ट होते, पण आकड्याआधी उण्याचं चिन्ह! प्लग निरखून बघितला, तर लाल तार काळीच्या जागी आणि काळी लालच्या. कारखान्यातच उलट्या बसवलेल्या. बोर्ड जळला नाही हे नशीबच.

सेफ्टी पिनेच्या टोकाने प्लास्टिकचे खटके उचलून तिने दोन्ही तारा बाहेर ओढल्या, अदलाबदल करून पुन्हा बसवल्या आणि बटण दाबलं. पंखे भर्रकन फिरले. स्क्रीनवर आकडे उमटले. "हाणला!" ती एकटीच ओरडली.

मग तिने परत फोन लावला, कारण दुसऱ्या कुणाचा तरी बोर्ड जळेल असं तिला वाटलं. गाठ त्याच माणसाशी पडली.

"प्लग उघडलात? मग वॉरंटी संपली, मॅम."

संध्याकाळी श्रीरंग आल्यावर तिने सगळं सांगितलं. "मी बोलून बघतो ना," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो हसतमुखाने घरी आला.

"झालं काम! मला थेट इंजिनियरकडे जोडून दिलं. मार्शा म्हणून आहे. म्हणाली, काय अचूक शोधलंत सर! शनिवारी घरी फोन करणार आहे."

"तू काय सांगितलंस?"

"तू सांगितलंस तेच. शब्दन् शब्द."

"हे मी शोधलं, असं सांगितलंस?"

श्रीरंग बुटाची नाडी सोडत राहिला. "अगं, तो विषयच निघाला नाही."

"विषय निघाला नाही? काल मला पहिला प्रश्न तोच होता, श्री! बसवला कुणी? मी 'मी' म्हटलं तर नवऱ्याला बोलवा. आणि तेच तू म्हटलंस तर काय अचूक, सर!"

"पण काम झालं ना, विनू? कोण बोललं त्याने काय फरक पडतो?"

"नाही पडत? मग तुझं काम दुसऱ्याच्या नावावर लावू देत ऑफिसात. आणि तूही असाच हसत घरी ये."

श्रीरंग बूट उचलून आत गेला.

शनिवारी मार्शाचा फोन आला. श्रीरंगने स्पीकर लावला. "गुड मॉर्निंग, सर. जरा परत सांगाल—"

"एक मिनिट," तो म्हणाला. "मी परवा सांगायला हवं होतं. कूलर मी बसवला नाही आणि चूकही मी शोधली नाही. माझ्या बायकोने शोधली. तिच्याशीच बोला." आणि खुर्चीवरून उठून त्याने विनीताला जागा दिली.

तारेचं कुठलं टोक, मीटर कसा धरला, तारा कशा सोडवल्या, मार्शा एकेक विचारत गेली आणि विनीता सांगत गेली. मार्शा म्हणाली, "आम्ही गोदामातला माल उघडून पाहिला. सगळ्या तारा अशाच आहेत. तुम्ही काम कुठे करता?"

"कुठेच नाही."

"मग आमच्याकडे या! ऑफिस बेलव्ह्यूलाच आहे. टेस्टिंगला मला असंच माणूस हवंय."

विनीताने एकदा श्रीरंगकडे बघितलं. "मला कामाची परवानगी नाही."

मार्शाचा आवाज एकदम कडक झाला. "परवानगी? कुणाची परवानगी? तुमच्या मिस्टरांची?"

"तुमच्या सरकारची," विनीता म्हणाली. "डिपेंडंट व्हिसा आहे माझा."

"हे मला माहीत नव्हतं," मार्शा हळूच म्हणाली. "मी काही करू शकते का?"

"दोन गोष्टी करा. फोनवर बसणाऱ्या तुमच्या माणसांना सांगा, बाईचा फोन आला की तिच्या नवऱ्याला शोधत बसू नका. आणि तारांबद्दल जी सूचना काढाल, तिच्यात चूक शोधल्याची नोंद माझ्या नावाने करा. श्रीरंगच्या नाही. नाव लिहायला व्हिसा लागत नाही."

"स्पेलिंग सांगा," मार्शा म्हणाली. विनीताने एकेक अक्षर सांगितलं, आणि मार्शाला ते परत वाचून दाखवायला लावलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या साइटवर सूचना लागली. तार बदलून मिळेल, तोवर कूलर चालू करू नये. ही चूक विनीता खानझोडे यांनी शोधली. श्रीरंगने ती मोठ्याने वाचली, आणि मित्रांना पाठवू का, असं आधी तिला विचारलं.

"पाठव," ती म्हणाली. नाव बघून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. पण बेलव्ह्यूचं ते ऑफिस बसने अर्ध्या तासावर होतं, तिथे तिच्यासाठी काम होतं, आणि ती घरी बसून होती. तिचा राग गेला नव्हता. तिने खुर्ची पुढे ओढली आणि एकांकिकेचा तिसरा प्रवेश एडिट करायला घेतला.