दक्षिणेच्या दारातला निळा ड्रम

मी एक जुना निळा ड्रम आहे. दोनशे लिटरचा. मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे माठ, छत्र्या आणि फाटकी पुस्तकं तुम्ही पुष्कळ वाचली असतील. ती बिचारी शेवटी सगळ्यांना माफ करतात. मी करत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तक्रार नको.

माझा जन्म संभाजीनगरकडच्या एका कारखान्यात झाला. गरम प्लॅस्टिक साच्यात घातलं, आत हवा फुंकली आणि मी टम्म फुगून बाहेर आलो. पहिली दोन वर्षं माझ्या पोटात कसलंतरी पिवळं, उग्र वासाचं रसायन होतं. त्या काळाबद्दल मी बोलणार नाही. मग कुणीतरी माझं वरचं तोंड कापलं आणि बीडच्या बाजारात रस्त्याकडेला मला उभं केलं.

"गोडतेलाचा ड्रम हाय, ताई. वास घेऊन बघा," विकणारा छाती ठोकून सांगत होता.

यशोधराताईंनी खरंच आत डोकं घालून वास घेतला. "गोडतेल इतकं कडू कधीपासून व्हायला लागलं?" असं म्हणून त्यांनी पन्नास रुपये कमी करून मला घेतलं. त्या नेकनूरच्या दवाखान्यात नर्स होत्या. रोज एसटीनं जायच्या, एसटीनं यायच्या आणि बीडमध्ये भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. सात दिवस त्यांनी मला चिंच आणि सोड्यानं घासलं. उन्हात पालथं घातलं. पुन्हा घासलं. आठव्या दिवशी नळ आला. त्यांनी माझ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि म्हणाल्या, "आला बाबा माणसात!" अहाहा! एवढं कौतुक तोवर माझं कुणी केलं नव्हतं.

आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो, कधी दहा. म्हणून ड्रम म्हणजे घरातला कर्ता माणूस. मीही तसाच ऐटीत उभा राहायचो. पण ऐट दाखवायला आपली जागा लागते ना! तीच नव्हती. अकरा वर्षांत आम्ही चार खोल्या बदलल्या. दर वेळी टेम्पोत मला दोरीनं बांधायचे आणि दर वेळी नव्या दारात तेच प्रश्न. नवरा काय करतो? एकटीच का? आडनाव काय? आडनाव सांगितलं की खोली हमखास "कालच दिली" असायची. ताई पुढचं दार वाजवायच्या. मी मात्र आतल्या आत खदखदायचो.

चौथी खोली बिभीषणरावांची. पुढे त्यांचं दुमजली घर, मागे आमची पत्र्याची खोली आणि भिंतीला टेकून मी. या माणसाचं नाव नीट लक्षात ठेवा. त्याचा नियम असा होता की नळ आला की आधी त्याची जमिनीतली टाकी, मग त्याची गाडी धुणं, मग त्याची कुंडीतली झाडं आणि उरलं तर मी.

"सिस्टर, एकट्या बाईला दोनशे लिटर पाणी कावून लागतं?" तो विचारायचा.

"आंघोळ मीबी करते, काका," ताई म्हणायच्या.

एकदा तो लग्नाला दिंद्रुडला गेला होता आणि नेमका नळ आला. त्याची बायको छबुबाई ताईंना म्हणाली, "भरून घे पटकन, मी न्हाई बघितलं." त्या दिवशी मी काठोकाठ भरलो. त्या खोलीत पहिल्यांदा! दुसऱ्या दिवशी ताई कामाला गेल्यावर तो गज तापवून घेऊन आला आणि त्यानं माझ्या बुडाजवळ टेकवला. मित्रांनो, चर्र असा आवाज झाला. माझं सगळं पाणी त्याच्या अंगणातून गटारीत गेलं.

"उंदरानं कुरतडलं असंल," संध्याकाळी तो तोंड वर करून म्हणाला.

"उंदराकडं गज व्हता का, काका?" ताईंनी विचारलं. त्यांनी भोकाची वितळलेली कड चाचपली आणि ते लांबीचा लगदा लावून बुजवलं, पण मी त्याच क्षणी ठरवलं. या माणसाचा सूड घ्यायचा. आता तुम्ही म्हणाल, ड्रम काय सूड घेणार? त्याला ना हात ना पाय. बरोबर आहे. पण ड्रमला ऐकू येतं.

मी टेकून उभा होतो त्या भिंतीपलीकडे एक बंद घर होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, दारात नळ. ते साखराबाईंचं. त्या म्हातारपणी आष्टीला लेकीकडे राहायला गेल्या होत्या आणि घर विकायला काढलं होतं. बिभीषणरावांना ते घर हवं होतं, भिंत पाडून गाड्यांची शेड करायला. पण सरळ भाव देऊन घेईल तर तो बिभीषणराव कसला! कुणी घर बघायला आलं की हा गडी लगबगीनं बाहेर यायचा, चहा पाजायचा आणि हळूच म्हणायचा, "घर चांगलं हाय हो. पण दक्षिणेला तोंड हाय. यमाचं दार. वर्षभर कुणी टिकत न्हाई तिथं." लोक चहा अर्धवट टाकून उठायचे. दक्षिणमुखी घर फुकट दिलं तरी न घेणारी माणसं आमच्याकडे ढिगानं आहेत. गेलेलं गिऱ्हाईक परत यायचं नाही.

मग तो माझ्यावर कोपर टेकवून दलालाशी फोनवर बोलायचा. माझ्यावर! "थांब की अजून. म्हातारी चौदा लाख म्हणत व्हती, आता अकरावर आलीया. नऊवर आली की आपुन उचलू." आणि तोवर त्या बंद घराच्या नळाला त्यानं पाइप लावला होता. भिंतीवरून आणून थेट स्वतःच्या टाकीत. दोन नळांचं पाणी एकटा प्यायचा आणि माझ्या दोनशे लिटरचा हिशेब विचारायचा!

त्याच वर्षी ताईंनी घर घ्यायचं ठरवलं. बँकेनं सांगितलं, तुमचं कर्ज आणि साठवलेलं मिळून नऊ लाखांपर्यंत जमेल. रविवार आला की ताई घरं बघायला जायच्या आणि आल्या की भांडी घासता घासता मला सगळं सांगायच्या. एका ठिकाणी घराला रस्ताच नव्हता. एका ठिकाणी कागद तिघांच्या नावावर आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. शेजारचं बंद घर तर अकरा लाखांचं, म्हणजे आवाक्याबाहेरचं. पुण्याहून त्यांचा भाऊ सतीश फोन करायचा, "आक्का, एकट्या बाईच्या नावावर घर कशाला? माझ्या नावावर घे, तू ऱ्हा की."

"तुझ्या नावावर तुझा मोबाइल हाय, तेवढा बास," ताई म्हणाल्या. मी इतका हसलो की काठावरचा तांब्या खाली पडला.

आणि मग बिभीषणरावांनी खोली सोडायला सांगितलं. महिनाभराची मुदत. कारण विचारलं तर म्हणे, "एकटी बाई ठेवली की लोकं बोलत्यात." चार वर्षं लोक मुके होते वाटतं! ताई त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. मला पाठ टेकवून बसून राहिल्या. पुन्हा टेम्पो, पुन्हा दोरी, पुन्हा आडनाव. आता मात्र त्यांच्याजवळ तीसच दिवस होते.

दुसऱ्या रविवारी दुपारी साखराबाई आपलं घर बघायला आल्या. डोक्यावर ऊन, हातात काठी. बिभीषणरावांच्या दारात त्यांनी पाणी मागितलं तर दार उघडलं नाही. ताई तांब्या भरून घेऊन गेल्या. माझ्यातलं पाणी होतं ते!

"कुणी घेईना गं माय," साखराबाई ओट्यावर बसून म्हणाल्या. "त्यो शेजारी आलेल्या गिऱ्हाईकाला दक्षिण, दक्षिण सांगतो. आज नऊला द्यायचं ठरवून आले, तरी कोण घेतंय? मी अन् माझ्या धन्यानं बांधलं, धनी गेल्यावर एकटीनं छत घातलं. मेंढरं इकून!"

"मावशी, घरात ऊन कुठून येतं?"

"म्होरून. हिवाळ्यात तर दिवसभर."

"मग मला दाखवा."

साखराबाईंनी ताईंकडे नीट बघितलं. "तुला चालतंय? दिशा?"

"आमच्यात दिशा बघत न्हाईत, मावशी. उजेड, हवा आन् कागदपत्रं बघत्यात."

"आन् संगं कोण? एकटीच?"

"एकटीच."

"मग घे," साखराबाई म्हणाल्या. "एकटीनं छत घातलेलं घर हाय. एकटीला बरूबर बसंल. पर रजिस्ट्री होईस्तोवर त्या शेजाऱ्याला कळू देऊ नको. त्यो मधी पाय घालील."

पुढचे पंधरा दिवस मी बुडबुडासुद्धा काढला नाही. बँकेच्या वकिलानं कागद तपासले. सगळं चोख निघालं. रजिस्ट्रीच्या दिवशी कचेरीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "घेणारे साहेब कुठंयत?" ताईंनी पेन उचललं. "घेणारी मीच. सही कुठं करू?" हे मला त्यांनी घरी येऊन तीनदा सांगितलं. मी तीनदा ऐकलं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. बिभीषणराव अंगणात खुर्ची टाकून बसले, ताई त्यांचा बल्ब काढून नेतील का काय ते बघायला.

"टेम्पो कुठाय?" त्यांनी विचारलं.

"लागत न्हाई," ताई म्हणाल्या. त्यांनी मला आडवं पाडलं आणि लोटायला सुरुवात केली. मी गडगड गडगड फाटकाबाहेर! भिंतीच्या कडेकडेनं गडगड! आणि शेजारच्या फाटकापाशी थांबलो.

"ए, ए! तिकडं कुठं? ते बंद घर हाय!"

ताईंनी पदराच्या गाठीतून किल्ली काढून कुलूप उघडलं. "माझं हाय काका. तुमी दक्षिण दक्षिण केलं म्हणून मला परवडलं. लई मदत झाली."

मित्रांनो, त्या माणसाचं तोंड तुम्ही बघायला हवं होतं! पोटातलं पाणी गेलेल्या ड्रमसारखं झालं होतं. छबुबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरलं नाही. "बोला आता! तुमीच तर चहा पाजून पाजून भाव पाडला."

तो धावत आला. "सिस्टर, लाख रुपये वर देतो. एकटी बाई हायेस, किती दिवस काढशील इथं?"

"मरस्तोवर," ताई म्हणाल्या आणि मला ओट्यावर उभं केलं. उन्हात. माझ्या सावलीचा शेवटचा तुकडासुद्धा आता भाड्याचा नव्हता.

चार दिवसांनी नळ आला. ताईंनी त्याचा पाइप आपल्या नळावरून ओढून काढला, नीट गुंडाळला आणि भिंतीवरून पलीकडे टाकला. मी भरलो. सगळ्यांत आधी मी! पलीकडची टाकी अर्धी राहिली. त्याच्या पाहुण्यांची गाडी तशीच धुळीत उभी राहिली. थोड्या वेळानं भिंतीवरून छबुबाईंनी डोकं काढलं. ताईंनी त्यांना दोन घागरी भरून दिल्या. मागून बिभीषणराव आले, हातात बादली. आयुष्यात पहिल्यांदा "यशोधराताई" म्हणाले.

"काकूंचं झालं," ताई म्हणाल्या. "तुमी टँकर बोलवा."

तुम्हाला वाटेल, ताईंनी एक बादली द्यायला हवी होती. नाही! मुळीच नाही! मी तिथंच होतो, मला विचारा.

तर मित्रांनो, शेवटी माझी एवढीच विनंती. वस्तूंची काळजी घ्या, त्यांना घासा, पुसा, भोकं पडली तर बुजवा. आणि कुणाला घराबाहेर काढायची वेळ आलीच, तर त्याच्या सामानाला नीट हात लावा. उद्या ते सामान तुमच्या शेजारी राहायला येऊ शकतं.