एकदाच चालणारी टेप

गाण्यांच्या सीड्या काढणारे बापूसाहेब जिना चढून अजिनाथच्या रेकॉर्डिंगच्या दुकानात आले आणि त्यानं त्यांना पाहताक्षणी ओळखलं. त्यांनी मात्र त्याला ओळखलं नाही. ओळखणार कसे? अठरा वर्षांपूर्वी सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं फिरणाऱ्या पोराकडं त्यांनी कधी मान वळवून बघितलंच नव्हतं. ते आले होते त्याच्या आईच्या, कस्तुराबाईच्या, गळ्यासाठी.

गोड बोलून तिला सोलापुरात नेलं, ओव्या गाऊन घेतल्या आणि परत पाठवलं. सहा महिन्यांनी जत्रेत कस्तुराबाईनं भोंग्यातून स्वतःचाच आवाज ऐकला. सीडीवर फोटो आणि नाव मात्र ऋतुजा नावाच्या कुण्या पोरीचं. वर गावातल्या बायका तिलाच म्हणाल्या, "त्या पोरीवानी गाती की गं तू!" त्या दिवशी बाईनं जे तोंड मिटलं, ते मरेपर्यंत परत गायली नाही. तेव्हापासून अजिनाथ डूख धरून होता.

बापूसाहेबांनी पिशवीतून एक जुना डिजिटल टेपरेकॉर्डर काढला आणि त्याच्यातली इवलीशी टेप दाखवली.

"पुन्याची कंपनी आमचं गाणं नव्यानं काडतीय. त्यास्नी अस्सल टेपवरलंच पायजे. घरी कंप्युटरच्या माइकच्या भोकात वायर घातली, तर नुसती खरखर. ह्ये जोडायचं कार्ड तुमच्याकडंच हाय म्हनं. पर जपून हां, इंजिनेर. टेपला बुरशी लागलीय. एकदा चालंल, दुसऱ्यांदा काय सांगता येत न्हाय."

"एकदाच पुरं की," अजिनाथ म्हणाला.

त्यानं टेपरेकॉर्डरला ऑप्टिकल वायर, म्हणजे उजेडातून आवाज नेणारी वायर, लावली. दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला, तसं ते टोक कंप्युटरच्या साऊंड कार्डात बसवलं. आता एकच काम उरलं होतं. अशी दोन यंत्रं जोडली की त्यांनी एकाच घड्याळावर चालायचं असतं, कार्डानं टेपची चाल धरायची. त्यासाठी सेटिंगमध्ये एक खूण करावी लागते. नाही केली, तर दोघं आपापल्या चालीनं पळतात आणि गाण्यात मधूनमधून 'टक्' असा खडा पडतो. पडला की पुरता निघत नाही.

अजिनाथनं ती खूण केली नाही. हेडफोन कानावर चढवला आणि टेप सुरू केली.

आई गायला लागली. टक्. पुन्हा टक्. त्याला हसू दाबावं लागलं. पुण्याचे लोक हे म्हाताऱ्याच्या तोंडावर फेकतील, भिकार माल म्हणतील, चारचौघांत नाक कापलं जाईल! बापूसाहेब पडद्यावरच्या उड्या मारणाऱ्या हिरव्या पट्ट्या बघत मान डोलवत होते. डोलव लेका, डोलव, अजिनाथ मनात म्हणाला.

सीडीवर गाणं जिथं संपायचं, तिथं ते संपलं. टेप मात्र फिरतच राहिली.

"सायेब, लेकाचं नाव घिऊ का?" हेडफोनमध्ये आई विचारत होती. "आमच्यात शेवटली ववी लेकाच्या नावाची असती."

"घ्या की. मागनं कापू," टेपवरचे बापूसाहेब म्हणाले.

सरतं दळान माजं, सरती ववी कुनाला
अजि- टक् -नाथ बाळ माजा, मेंढरामागं रानाला

अजिनाथनं धडपडत टेप थांबवली, ती खूण केली आणि टेप मागं फिरवली. टेपरेकॉर्डर आतून करकरला. झाकण उघडलं तर टेपचा गुंताळा हातात आला, तोही तुटलेला.

"जाऊ द्या," बापूसाहेब म्हणाले. "गाणं आलंय न्हवं? त्यो शेवट तसाबी आपल्याला नगंच व्हता."

अजिनाथनं गाणं पेन ड्राइव्हवर घालून त्यांच्या हातात दिलं, सगळ्या खड्यांसकट. त्याबद्दल तो मेला तरी बोलणार नव्हता.

ते जिना उतरून गेल्यावर त्यानं शेवटचा तुकडा लावला. मग पुन्हा लावला. दर वेळी आई 'अजि' म्हणायची आणि तिचा शब्द पुरा व्हायच्या आत तो खडा वाजायचा, त्यानं स्वतःच्या हातानं टाकलेला.