एक जुलैचे दोन आनंदराव

मुलांनो, डोळे मिटा आणि दोन संगणक मनात आणा. एक सावनेरच्या दवाखान्यात, दुसरा नागपूरच्या रक्तपेढीत. अमक्या रुग्णाला रक्त हवे, असे निरोप ते एकमेकांना एक्सएमएल नावाच्या पद्धतीने पाठवतात. त्यात प्रत्येक माहितीच्या दोन्ही टोकांना खूण असते: इथे रुग्णाचे नाव सुरू, इथे संपले, इथे जन्मतारीख सुरू, इथे संपली. कोणत्या खुणा ठेवायच्या, हे मात्र माणसाला ठरवावे लागते. इथे ते दीक्षा नावाच्या मुलीच्या बाबांनी, संगणकाचे काम करणाऱ्या प्रीतमने ठरवले.

मध्येच इंटरनेटची लाइन गेली की सावनेरचा संगणक तोच निरोप पुन्हा पाठवी. रक्त दोनदा निघू नये म्हणून प्रीतमने नियम घातला: त्याच दिवशी तेच नाव आणि तीच जन्मतारीख पुन्हा आली, तर निरोप जुना समजून सोडून द्यायचा.

दीक्षाचे आजोबा, आनंदराव मेश्राम, सावनेरला राहत. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले.

"आजोबा, तुमच्या सगळ्या मित्रांचा वाढदिवस एक जुलैलाच काहून?" दीक्षाने एकदा विचारले.

"अवं, आमच्या मायले तारीख कुठं ठाव होती? शाळेत गुरुजीनं साऱ्यायले एक जुलै देऊन टाकली. खाणीतले अकरा जण एकाच दिवशी रिटायर झालो!"

"मग केक केवढा लागेल!"

"लहानच आण. दात कोणाले हायेत?"

प्रीतमही तेव्हा हसला होता.

फेब्रुवारीत आजोबांच्या पोटात रक्तस्राव झाला. त्याच सकाळी दवाखान्यात आणखी एक आनंदराव मेश्राम दाखल झाले होते. जन्मतारीखही तीच, एक जुलै एकोणीसशे एकावन्न. त्यांचा निरोप आधी गेला. आजोबांचा मागून पोहोचला, आणि जुना समजून टाकून दिला गेला. रक्त निघाले असेल, म्हणत सगळे वाट पाहत राहिले. दुपारी आजोबा गेले.

पुढे प्रीतमने रक्ताच्या प्रत्येक मागणीला वेगळा क्रमांक दिला; निरोप पुन्हा गेला तरी तो क्रमांक तोच. एका खुणेची भर.

"बाबा, हे आधी काहून नाही केलं?"

"मले वाटलं, एका नावाचा, एका तारखेचा माणूस एकच राहते."

"पण आजोबांनी तर सांगितलं होतं."



एक जुलै आला. दीक्षा बाबांना घेऊन सावनेरच्या बसमध्ये चढली आणि त्या दुसऱ्या आनंदरावांच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हातारबाबा काठी टेकत बाहेर आले. दीक्षाने डबा उघडला, लहानशा केकचा मऊ तुकडा तोडला आणि त्यांच्या हातावर ठेवला.