वीतभर अंतरावरचे मेलबर्न

मित्रांनो, माझा घेर ऐंशी सेंटिमीटर आहे आणि पृथ्वीचा चाळीस हजार किलोमीटर. म्हणून माझ्या अंगावरचा एक सेंटिमीटर म्हणजे पाचशे किलोमीटर. मी एक जुना पृथ्वीगोल आहे, जाड पुठ्ठ्याचा. माझ्या हिंदी महासागराचा निळा रंग मुलांच्या बोटांनी केव्हाच पुसून गेला आहे.

बावीस वर्षे मी जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीजवळच्या एका शाळेत होतो. तातेराव गुरुजी माझ्यावर दोरा ताणून मुलांना अंतरे मोजायला शिकवत. दोरा धरण्यासाठी मुले भांडत. पुढे वर्गात मोठा पडदा आला आणि मी अडगळीत गेलो. निवृत्त होताना गुरुजींनी मला शाळेकडून मागून घेतले आणि घरी नेले.

त्यांची मुलगी संध्या शिकायला मेलबर्नला निघाली, तेव्हा त्यांनी पुन्हा दोरा काढला. जालन्यापासून एकोणीस सेंटिमीटर. साडेनऊ हजार किलोमीटर. विमान तासाला आठशे किलोमीटर जाते.

"बारा तास," गुरुजी डोळे पुसत म्हणाले.

त्यांच्या पत्नी बेबीनंदाबाईंनी दोऱ्याला आपली वीत लावून पाहिली. "मंग वीतभरच तं लांब हाय माझी पोर! अन् तुम्ही एवढे रडून राह्यले!"

त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

दोन वर्षांनी बेबीनंदाबाईंचे हृदय थकले. एका सोमवारी डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितले आणि जवळच्या माणसांना बोलावून घ्या, असेही सांगितले. शेजारच्या सगुणाबाई म्हणाल्या, "गुरुजी, पोरीला आजच फोन लावा."

"बुधवारी तिचा शेवटचा पेपर हाय. झाला की सांगतो. बारा तासाचा तं रस्ता."

रात्री संध्याचाच फोन आला. गुरुजी म्हणाले, "आई बराबर हाय. तू बिलकुल काळजी करू नको."

बुधवारी दुपारी त्यांनी खरे सांगितले. संध्याला तिकीट मिळाले ते मध्यरात्रीनंतरचे. सिंगापूरला आठ तास दुसऱ्या विमानाची वाट पाहणे आले. मुंबईत सामानासाठी रांग, आणि पुढे गाडीने आठ-नऊ तास. यातले काहीच माझ्या अंगावर छापलेले नव्हते. दोरा चुकला नव्हता. तो फक्त आकाशातले अंतर सांगत होता.

गुरुवारी दिवसभर बेबीनंदाबाईंची नजर दाराकडे होती. "आली का?" त्या विचारत. "निघाली, येतीच," गुरुजी सांगत. संध्याकाळी बेबीनंदाबाईंनी विचारणे थांबवले आणि रात्री त्या गेल्या.

संध्या शुक्रवारी सकाळी पोहोचली. हिरव्या साडीत निजवलेल्या आईजवळ ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "बाबा, सोमवारी का न्हाई सांगितलं?"

"तुझा पेपर होता, बाई. मला वाटलं..."

"पेपर पुन्हा देता आला असता."

 गुरुजींनी मला कपाटावरून उतरवून पलंगाखाली ठेवले. आता माझ्यावर धूळ साचते, पण मी त्यांना दोष देत नाही.

मित्रांनो, पृथ्वीगोलावर खुशाल अंतरे मोजा, विमानाचे तास काढा. त्यात मोठा आनंद आहे. पण घरात कुणी आजारी असेल, तर दूरच्या माणसाला त्याच दिवशी खरे सांगा. केव्हा निघायचे, ते त्याला ठरवू द्या.